जळालेल्या डोंगराला एक चक्कर



परवा मृगाचा पहिला पाऊस झाला. पेरणीजोगी ओल नव्हती, म्हणून सकाळीच रानामागच्या डोंगराला चक्कर मारली. आपल्या मुखेडच्या बालाघाटातला हा साधाच डोंगर. पाझर तलावाच्या सांडव्यापासून चढायचं, माथ्यावरच्या गाडीवाटेनं चालायचं, घळीतून उतरून परत तलावावर यायचं. दोन-अडीच तासांची वाट. लहानपणी गुरांमागं रोजची होती. यंदा शिमग्याच्या आधी डोंगर जळाला, तेव्हापासून तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. का, ते पुढं सांगतो.

चढाला लागलो तर नुसता उघडा मुरूम. राख कुठंच नाही. एका पावसात सगळी खाली तलावात. पाणी शाईसारखं काळं झालेलं.

सीताफळीची खोडं कोळसा झालीत, पण बुडातून कोवळे फुटवे आलेत. झाड जगलं, यंदा फळ मात्र विसरा. पळसही फुटलाय. अन् सगळ्यात पुढं कुसळी.

"जाळलं की गवत जोमानं येतं," असं आपल्याकडं म्हणतात. येतं, खोटं नाही. पण कोणतं? कुसळीच्या बियाची पिळदार शेपटी ओल लागली की पीळ सोडत फिरते अन् बी मातीत शिरतं, म्हणून ते जाळातून वाचतं. सारखा जाळ अन् वरून चराई झाली की पवन्या, मारवेल मागं पडतात. राहते कुसळी, कोवळी तेवढी गुरं खातात, निसवल्यावर तोंड लावत नाहीत. गवतातला नत्र हवेत जातो अन् राखेतला पालाश पाण्याबरोबर.

माथ्यावर गाडीवाटेपाशी जाळ थांबला होता. एका अंगाला जळालेलं, दुसऱ्या अंगाला वाळलं गवत तसंच उभं. दोन्हीकडं खुरप्यानं उकरून पाहिलं. गवताखाली वीतभर ओल. जळक्या अंगाला जेमतेम चार बोटं. पाऊस एकच, मधी वाट फक्त एका गाडीची.

घळीत शेळ्या राखणारे एक मामा भेटले. म्हणले, "उन्हाळाभर शेळ्या तीन कोस लांब नेल्या रे बापू. कुण्या भाड्यानं पेटवलं की!"

मी खाली बघितलं. मग म्हणलं, "मामा, मीच."

तुराट्या अन् धुऱ्यावरचं गवत भर दुपारी पेटवलं होतं. वारं सुटलं, आवरलंच नाही. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणले, "तुझी हिर बी याच डोंगराच्या पाण्यावर हाय की."

तेच खरं. डोंगरात मुरलं तरच विहिरीला येतं.

आता ठरवलंय. तुराट्यांची कुट्टी करून खड्ड्यात कुजवायची. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की धुऱ्याच्या वरच्या अंगानं दहा फुटांचा पट्टा कापून साफ ठेवायचा. गाडीवाटेनं जाळ अडला, हे डोळ्यानं पाहिलंय. कापलेलं गवत मामाच्या शेळ्यांना.

राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. वणवा दिसला तर वनविभागाच्या 1926 नंबरवर कळवा. पण कायद्याच्या आधी आपापली विहीर आठवा.

तुमच्याकडं धुरे कसे साफ करता? न जाळता जमलं असेल तर सांगा, मलाही शिकायचंय.