काळी कौले

दिवाळीच्या सुट्टीत गावी पोहोचलो की मी आधी छपराकडे पाहतो आणि मग आईकडे. दोघांचीही प्रकृती एका नजरेत कळते.

चार महिने कोकणचा पाऊस खाल्लेली मंगलोरी कौले त्या दिवसांत ओल्या कोळशासारखी दिसतात. फणसाच्या सावलीतली उत्तरेकडची पाख तर विचारूच नका. अण्णा, म्हणजे माझे वडील, कपाळाला हात लावून म्हणायचे, "ही हिची चूल!" आई काही बोलत नसे. पुढे घरात गॅस आला, चूल फक्त आंघोळीच्या पाण्यापुरती उरली, कौले मात्र होती तितकीच काळी राहिली. अण्णांनी आपले मत बदलले नाही. माणसे सहसा बदलत नाहीत.

२०१९ च्या श्रावणात अण्णा गेले. त्या वर्षी आम्हाला सण नव्हता. कंदील नाही, फराळ नाही. हातांना काहीतरी काम हवे होते. तारेचा ब्रश घेऊन मी छपरावर चढलो आणि दोन दिवस वेड्यासारखा घासत राहिलो. अकरा कौले फुटली. पाख लालभडक झाली. आई खालून एवढेच म्हणाली, "पुरे आता."

पुढच्या पावसाळ्यानंतर तीच पाख पहिल्यापेक्षा काळी! शिवाय अण्णांच्या आरामखुर्चीच्या जागी जमिनीवर एक गोल डाग दिसला. आई तिथे पावसाळाभर पातेले ठेवत होती. मला कळवले नव्हते.

मग मी जरा शिकलो. हा काळेपणा जिवंत असतो. भाजलेली माती झाली तरी ती थोडे पाणी पितेच; त्या ओलीवर नीलहरित शैवाल वस्ती करते आणि उन्हाने करपू नये म्हणून अंगावर गडद रंगाचे पांघरूण घेते. तारेच्या ब्रशाने कौलाची गुळगुळीत कातडी ओरबाडून मी त्याला बिऱ्हाडासाठी खोल्याच काढून दिल्या होत्या!

खरा उपाय दाखवला तो पोफळीवर फवारणी करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याने. "देवळाकडे बघा, मास्तर." तांब्याच्या कळसाखाली कौलांवर एक लाल पट्टा थेट वळचणीपर्यंत उतरला होता. पावसाच्या पाण्याबरोबर तांब्याचा अंश खाली झिरपतो आणि शैवालाला तो सोसत नाही. पोफळीच्या कोळेरोगावर शंभर लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना घालून मारतात, त्यातही काम करते ते तांबेच.

एका कोरड्या दिवशी ब्लीचिंग पावडरचे पातळ पाणी मऊ ब्रशाने लावले, थोडा वेळ ठेवले आणि धुऊन काढले. भार वाशांवर पडावा म्हणून छपरावर शिडी आडवी टाकली होती. मग आढ्याखाली तांब्याची पट्टी ठोकली. आईची एकच अट होती, तुळशीत ते पाणी पडता कामा नये. पन्हळ दुसरीकडे वळवली.

यंदा पट्टीखालची कौले लाल राहिली आहेत. मी आईला अंगणात आणून दाखवले आणि शैवालाची सगळी हकीकत सांगितली. पदर डोळ्यांवर धरून ती बराच वेळ वर पाहत राहिली.

"म्हणजे माझी चूल नव्हती तर," ती म्हणाली, आणि चकल्या करपतील म्हणून आत गेली.