शस्त्रक्रियेआधीच्या गोळ्या

वीर्यात एकही शुक्राणू न सापडणे याला अशुक्राणुता म्हणतात. दवाखान्यातल्या बोलीत ‘झिरो काउंट’. शंभरातल्या साधारण एका पुरुषात ती आढळते. नुसती वाट बंद असेल तर प्रकरण त्या मानाने सोपे, कारण शुक्राणू तयार होत असतात आणि सुईने काढता येतात. निर्मितीच खुंटलेली असेल तेव्हा खरी पंचाईत. तरीही वृषणातल्या एखाद्या नलिकेत थोडेफार काम चालू असू शकते. अशी फुगीर, अपारदर्शक नलिका सूक्ष्मदर्शकाखाली शोधून काढण्याची शस्त्रक्रिया म्हणजे मायक्रो-टेसे. न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमधील पीटर श्लेगल यांनी ती १९९९ मध्ये मांडली. तिच्यात ढोबळमानाने निम्म्या रुग्णांत शुक्राणू मिळतात. हे प्रमाण वाढावे म्हणून आधी काही महिने हार्मोनची औषधे दिली जातात. प्रस्तुत लेखकानेही ती घेतली.

औषधांमागचा तर्क असा. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन सोडते. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होते. एफएसएच शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींना चालना देते. शुक्राणू घडण्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कैक पटींनी जास्त लागते. त्यातल्या काही भागाचे अॅरोमाटेज हे विकर इस्ट्रोजेन बनवते, आणि इस्ट्रोजेन वाढले की पीयूषिका हात आखडता घेते. क्लोमिफीन इस्ट्रोजेनचा हा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही. लेट्रोझोल आणि अॅनास्ट्रोझोल ते विकरच रोखतात. एचसीजीचे इंजेक्शन थेट एलएचचे काम करते.

क्लोमिफीनची पट्टी पुढे करताना मेडिकलवाल्याने लेखकाला सहज विचारले, “वहिनींसाठी का?” त्याचे चुकले असे नाही. क्लोमिफीन मुळात स्त्रियांच्या बीजनिर्मितीसाठीचे, तर लेट्रोझोल त्यांच्या स्तनांच्या कर्करोगावरचे औषध. पुरुषांना ती दिली जातात ती डॉक्टरांच्या जबाबदारीवर. डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले तर क्लोमिफीन थांबवून डॉक्टरांना कळवावे लागते. लेट्रोझोलने सांधे दुखू शकतात.

शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून किमान तीन महिने औषध चालते. मधून मधून सकाळी रक्त देऊन टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन मोजतात. लेखकाचे टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमच्या खाली होते, ते औषधाने नॉर्मलच्या रेषेवर गेले आणि घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. पण हा आकडा रक्तातला असतो. नलिकेत काय चालले आहे ते तो सांगत नाही.

पुढे शस्त्रक्रियेत थोडे शुक्राणू मिळाले आणि ते गोठवून ठेवले गेले. श्रेय औषधांना द्यायला मात्र आधार नाही. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या रुग्णांचा कॉर्नेलमधला २०१२ चा अभ्यास सांगतो की औषध घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत शुक्राणू मिळण्याचे प्रमाण सारखेच होते. त्याच वर्षी जपानमधून थोडी आशादायक नोंद आली: पहिली शस्त्रक्रिया फसल्यावर एचसीजीसह हार्मोन घेतलेल्या २८ जणांपैकी ६ जणांत दुसऱ्या वेळी शुक्राणू मिळाले, औषध न घेतलेल्या २० जणांत एकाही नाही. पण एवढ्याशा संख्येवर किती भार टाकायचा? अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही या औषधांना पुरावा तोकडा असल्याचे रुग्णाला सांगा, असेच म्हणतात.

एका गटात मात्र औषध खरोखर किमया करते. पीयूषिकाच गप्प असेल, एलएच आणि एफएसएच दोन्ही तळाला असतील, तर आधी एचसीजी आणि मग एफएसएचची इंजेक्शने देतात. सहा महिने ते दोन वर्षांत अनेकांच्या वीर्यातच शुक्राणू दिसू लागतात आणि शस्त्रक्रिया टळते. याउलट वाय गुणसूत्राचा एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा भाग पूर्ण गळालेला असेल, तर गोळ्याही निरुपयोगी आणि शस्त्रक्रियाही. म्हणून गुणसूत्रांची तपासणी आधी, औषधाची चिठ्ठी नंतर.

टेस्टोस्टेरॉन कमी आहे म्हणून तेच बाहेरून घेणे हा यातला सर्वांत घातक उपाय. त्याने पीयूषिका बंद पडते, वृषणातले टेस्टोस्टेरॉन कोसळते आणि उरलीसुरली निर्मितीही थांबते. ती पूर्ववत व्हायला कित्येक महिने जातात. थकव्यासाठी किंवा जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले, तर मूल हवे आहे हे आधी सांगावे आणि ते घेऊ नये.