खोक्यातला रोबो

उन्हाळ्याची सुट्टी लागली की अंबडहून लाल एस.टी.नं जालन्याला मामाकडे जायचं, हे ठरलेलं. बस स्टँडवर उतरल्यावर घरी जाण्याआधी माझे पाय मोंढ्याकडे वळायचे. तिथे मामाचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. पेरणीच्या तोंडावर कपाशीचं बियाणं येऊन पडायचं आणि रिकामी खोकी मागच्या खोलीत आढ्यापर्यंत रचली जायची. त्यातलं सगळ्यात मोठं खोकं मामा माझ्यासाठी राखून ठेवायचा.

त्या खोक्याचा आम्ही रोबो करायचो. तळाला डोकं जाईल एवढं भोक आणि बाजूंना हातांसाठी दोन. मामी मैद्याची खळ शिजवून द्यायची. सिगारेटच्या पाकिटांतला चांदीचा कागद आम्ही वर्षभर वहीत जपलेला असे, तो छातीवर चिकटवायचा. सोड्याच्या बाटल्यांची बुचं म्हणजे बटणं. खळ वाळेपर्यंत खोक्याला हात लावायचा नाही, अशी मामीची ताकीद होती. मेच्या उन्हात ते चिलखत अंगात घातलं की घामाच्या धारा लागायच्या, पण काढवत नसे.

हा रोबो आम्हाला दूरदर्शननं दिला होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ‘जायंट रोबोट’ ही जपानी मालिका लागायची. मूळची ती १९६७-६८ची, भाग अवघे सव्वीस. जॉनी नावाचा मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलतो आणि डोंगराएवढा पोलादी रोबो त्याचं ऐकतो. संवाद इंग्रजीत असायचे. आम्हा मराठी शाळेतल्या पोरांना त्यातलं फारसं कळत नव्हतं, तरी कुठेही अडलं नाही. शेवटच्या भागात रोबो परग्रहावरच्या दुष्ट सम्राटाला मिठीत धरून आकाशात जातो आणि स्वतःसकट त्याला संपवतो. त्या दिवशी मामाच्या घरात बसलेली गल्लीतली सगळी लेकरं रडली होती.

दुसरा वीर आला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली ते साल १९६४, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियानं मुंबईत इंद्रजाल सुरू केलं. माझं बालपण या दोन्हींच्या मधोमध गेलं. एकीच्या धंद्यामुळे जालन्याच्या बाजारात बियाण्यांची खोकी आली आणि दुसऱ्यानं त्या खोक्यात घालायला गोष्ट दिली. ली फॉक यांचा ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ होऊन आला होता. मी पहिला अंक अंबडला घरी नेला तेव्हा आजी दारातच म्हणाली, “अरे, हा वेताळ घरात कामून आणला रे?” तिचा वेताळ भुतांचा राजा आणि गावाच्या शिवेवरचा राखणदार. माझा दुसरा वेताळ ‘चांदोबा’त विक्रमाच्या खांद्यावर बसलेला. आणि आता हा तिसरा, मुखवट्याचा, बोटात कवटीची अंगठी घालणारा.

मी आजीला शेजारी बसवून तो अंक वाचून दाखवला. समुद्री चाच्यांनी बाप मारला म्हणून मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, अन्यायाशी लढायची. त्याच्यानंतर त्याचा मुलगा, मग नातू, अशा एकवीस पिढ्या. जंगलातल्या लोकांना वाटतं की हा एकच माणूस, कधी न मरणारा. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे राखणदारच की.” त्यानंतर तिनं कधी हरकत घेतली नाही. उलट नवा अंक आणला की आधी तिला वाचून दाखवावा लागे.

अंक विकत घेणं परवडत नव्हतं. चार आणे भाड्यानं एका दिवसासाठी मिळायचा. एक अंक दिवसभरात सात-आठ घरं फिरायचा आणि संध्याकाळी अंगणात त्याचा खेळ व्हायचा. आमच्या खेळात वेताळ, जादूगार मँड्रेक, अंतराळातला फ्लॅश गॉर्डन आणि आपला बहादूर एकाच वेळी हजर असायचे आणि त्यांच्या मदतीला खोक्यातला रोबो यायचा. वेगवेगळ्या गोष्टींतले वीर एकत्र आणायला आम्हाला कुणाची परवानगी लागली नाही.

पुढे कळलं, अमेरिकेत हाच खेळ कंपन्या खेळत होत्या. १९८६ साली तिथे ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ ही कार्टून मालिका आली, त्यात फ्लॅश गॉर्डन, वेताळ आणि मँड्रेक एकत्र लढत होते. तिच्या बाहुल्या निघाल्या, कॉमिक्सही निघालं. त्याआधी १९७९ मध्ये पार्कर ब्रदर्सनं ‘रॉम’ नावाचं खेळणं काढलं होतं. परग्रहावरून आलेला, चंदेरी चिलखतातला योद्धा, त्याचे लाल डोळे विजेवर लुकलुकायचे. खेळणं चाललं नाही आणि लवकरच बंद पडलं. पण त्याच्या जाहिरातीसाठी मार्व्हलनं जे कॉमिक्स सुरू केलं, ते १९८६ पर्यंत पंच्याहत्तर अंक चाललं. लेखक बिल मँटलो यांनी त्या पत्र्याच्या बाहुल्यासारख्या दिसणाऱ्या योद्ध्याला मन दिलं. जगाच्या रक्षणासाठी आपलं माणसाचं शरीर देऊन बसलेला आणि ते परत मिळावं म्हणून झुरणारा असा तो रॉम. मार्व्हलचे इतर वीर त्याच्या गोष्टीत आले, तो त्यांच्या गोष्टींत गेला. पुढे हक्कांच्या गुंत्यात ते अंक कित्येक वर्षं पुन्हा छापता आले नाहीत. अखेर २०२४ मध्ये त्यांचा जाडजूड संग्रह निघाला. खेळणं विसरलं गेलं, गोष्ट टिकली.

मागच्या अंगारकीला भाचीच्या मुलाला घेऊन राजूरला गेलो. गणपतीचं दर्शन झालं आणि तो थेट खेळण्यांच्या पालाकडे धावला. माझ्या लहानपणी तिथे पिपाणी, भिंगरी आणि पाण्यावर टुकटुक चालणारी पत्र्याची बोट मिळायची. आता दोरीला प्लास्टिकची पाकिटं लटकलेली होती. त्याने एक निवडलं. चेहरा स्पायडरमॅनचा, अंगावर आयर्न मॅनचं चिलखत, हातात कॅप्टन अमेरिकेची ढाल, छातीत लुकलुकणारा दिवा. गाडीत मी विचारलं, “हा कोण रे? कुठून आला?” तो म्हणाला, “माहीत नाही. लाईट लागतो.” जालना यायच्या आत दिवा विझला आणि बाहुला सीटखाली गेला.

दोष त्या लेकराचा नाही. त्याच्या पिढीला आमच्यापेक्षा पुष्कळ मिळालं आहे. जे वीर आम्ही फक्त चित्रात पाहिले ते आज खेड्यातल्या मुलाच्याही हातात येतात, आणि हे चांगलंच आहे. पण आमच्याकडे गोष्ट आधी यायची आणि खेळणं आम्हाला तिच्यातून घडवावं लागायचं. आता खेळणं आधी येतं आणि गोष्ट मागेच राहते. चार आण्यांचा अंक सात घरांत वाचला जायचा, आजीलाही ऐकू जायचा. मोबाइलवरची लढाई एकट्यानं पाहिली जाते आणि बोटानं पुढे सरकते.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं, आठशेतीन अंकांनंतर. मामाचं दुकान आता मामेभाऊ चालवतो. राजूरहून परतताना मी गाडी मोंढ्याकडे घेतली आणि एक खोकं मागून घेतलं. त्या रात्री खळ शिजवली. खळ वाळेपर्यंत त्या लेकराला वेताळाची शपथ सांगितली, मग जॉनीच्या रोबोची गोष्ट सांगितली. रोबो सम्राटाला घेऊन आकाशात गेला तेव्हा लेकरानं विचारलं, “मग तो परत आला का?” हाच प्रश्न मी मामाला विचारला होता.

यात्रेतून, बाजारातून लेकरांना खेळणी जरूर आणा. पण ज्या दिवशी खेळणं घरात येईल, त्या रात्री त्याची गोष्ट आपल्या भाषेत सांगा. ठाऊक नसेल तर लेकराला जवळ घेऊन दोघं मिळून रचा.