बेंजो, पेडल आणि 22 केचा रेझिस्टन्स

छबिन्याच्या रात्री यात्रा कमिटीने आमच्या सुपारीतले 2,000 रुपये कापले. कारण काय, तर म्हणे बेंजोवाल्याला आवाजाचा अंदाज नाही. कमिटीच्या कानात हे घातलं साऊंडवाल्याने. वर्षं झाली, पण आठवलं की अजून डोकं तापतं.

आमच्या आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा असतात आणि यात्रेला बेंजो पार्टी लागतेच, हे नव्याने सांगायला नको. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे तारांचं वाद्य 1912 साली जपानमध्ये निघालेल्या तैशोगोतोच्या कुळातलं. आपल्या लोकांनी त्याला पिकअप बसवला, मध्ये गिटारचा पेडल घातला आणि थेट मिक्सरला जोडलं. पेडल नसेल तर कच्छी ढोल आणि ऑक्टोपॅडपुढे बेंजो ऐकूच येत नाही.

माझा डिस्टॉर्शन पेडल जुना घेतलेला. सूर भरदार, लांब टिकणारा. पण पाय दिला की आवाज एकदम अंगावर यायचा आणि पाय काढला की बेंजो गायब. पेडलचा व्हॉल्यूम अगदी तळाला, बंद होण्याच्या जरा अलीकडे ठेवला तरच दोन्ही आवाज जुळायचे. तिथे केसभर फिरवलं तरी आवाज दुप्पट.

त्या रात्री पालखी वेशीजवळ होती. मी पेडल दाबला, साऊंडवाल्याने माझा फेडर खाली ओढला. मी साधा सूर घेतला, तर बेंजो कुणालाच ऐकू येईना. पोरं हातवारे करायला लागली, पण फेडर काही वर आला नाही. मी वाकून पेडलचा व्हॉल्यूम जुळवला. तेवढ्यात आमच्या टेम्पोने खड्ड्यात गचका खाल्ला, माझी चप्पल नॉबला घासली आणि पुढच्याच सुराला सगळे टॉप स्पीकर किंचाळले. म्हाताऱ्या माणसांनी कानावर हात ठेवले. मग साऊंडवाल्याने माइक उचलला आणि अख्ख्या गावासमोर म्हणाला, “ए बेंजो, कमी कर! वाजवता येत नसेल तर खाली उतर.” खांद्यावर पालखी घेतलेल्या माणसांनीसुद्धा वळून पाहिलं. जवळ येऊन सांगता आलं असतं, एखाद्या पोराकडून निरोप देता आला असता. कलाकाराचा माइकवरून पाणउतारा करायचा नसतो, एवढी रीत साऊंड लावणाऱ्या माणसाला माहीत असायला हवी. पुढे तास-दीड तास वाजवलं, पण हात बेंजोवर आणि लक्ष त्या माइककडे.

नारायणगावात तात्या म्हणून एक मेकॅनिक आहेत, तमाशाच्या फडांचे अँप्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. पाडव्याआधी फडांच्या राहुट्या पडतात तेव्हा त्यांना जेवायला फुरसत नसते, म्हणून मी पेडल घेऊन पावसाळ्यात गेलो. तात्यांनी चार स्क्रू काढून झाकण उघडलं आणि दोन लाल एलईडींवर बोट ठेवलं. “या पेडलमध्ये आवाज यांच्यावर कापला जातो. साध्या डायोडवर तो साधारण 0.6 व्होल्टला कापला गेला असता, इथे 1.7 ला. म्हणून एवढा दणका.” त्यांनी 1एन4148 डायोड लावून दाखवले. आवाज उतरला, पण सुराचा पोतच बदलला, बारीक आणि दाणेदार झाला. मी नको म्हटलं. एलईडी परत लागले.

मग व्हॉल्यूमच्या 100 केच्या पॉटआधी 220 केचा रेझिस्टन्स टाकून पाहिला. हिशोबाने आवाज एक तृतीयांशाच्या खाली यायला हवा होता. दुकानातल्या मिक्सरला जोडला तर पार मेला. मिक्सरचा लाइन इनपुट साधारण 10 केचा, त्याला एवढ्या मोठ्या रेझिस्टन्समधून आलेला सिग्नल पुरत नाही. गेन चढवला की हमिंग वर येतं. शेवटी तात्यांनी रेझिस्टन्स 22 केचा घेतला आणि पॉटही बदलून 10 केचा केला. प्रमाण तेवढंच, पण मिक्सरला झेपणारं. नॉब आता मध्यावर राहतो आणि चप्पल लागली तरी किंचाळत नाही. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी एवढं पाहावं, की पॉटच्या आधी आयसीचा बफर आहे. तो नसेल तर 10 केच्या पॉटने टोनची वाट लागते. पॉट लॉग घ्यावा, म्हणजे बहुतेक पॉटवर छापतात तसा ‘ए’ शिक्क्याचा. ‘बी’ म्हणजे लिनिअर, तो सुरुवातीलाच उसळतो. पुण्यात तपकीर गल्लीत हे सामान किरकोळ पैशांत मिळतं.

पुढच्या हंगामात तोच साऊंडवाला दुसऱ्या गावच्या यात्रेत भेटला. माझा फेडर त्याने एकदा लावला आणि पहाटेपर्यंत हलवला नाही. मागच्याबद्दल चकार शब्द नाही. त्या रात्री त्याचं काम मी बाजूने पाहिलं. एका हातात जनरेटरची काळजी, दुसऱ्या हातात ढोल, कीबोर्ड, गाणाऱ्यांचे माइक, आणि कानाशी प्रत्येकाची तक्रार. मला त्याची थोडी कीवच आली. तरी माइकवरचं बोलणं मी माफ केलेलं नाही.

आवाजाबद्दल माझं मत मात्र पक्कं होत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर स्पीकरला बंदी आहे. सरकार वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. बेंजोवाले नियमावर चिडतात, मीही चिडायचो. आता नॉब मध्यावर ठेवून वाजवताना ढोलाच्या खालचा ठेका ऐकू येतो, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, आणि वाटतं की एवढ्याच आवाजात वाजवावं. मग ओतूरकडच्या एका वरातीत पुढच्या चौकात डीजे लागला. मी नॉब पूर्ण उघडला तरी बेंजो त्याच्यापुढे टिकेना. पोरं आम्हाला सोडून तिकडे पळाली. त्या रात्री जुना दणका हवा होता, अगदी मनापासून हवा होता. तात्या म्हणतात, 22 केच्या त्या रेझिस्टन्सला बायपास करणारं छोटं बटण बसवता येईल, अर्ध्या तासाचं काम आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.