पदराआडचं हसू

हसू आलं की पदर तोंडाशी नेणाऱ्या बायका आपल्या परभणीकडे घरोघर सापडतील. आपण त्याला लाजाळूपणा म्हणतो आणि सोडून देतो. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पदराला मात्र वेगळं कारण होतं. त्यांचे पुढचे दात वेडेवाकडे, दोन तर ओठाबाहेर डोकावणारे. शाळेत पडलेलं ‘दाताळी’ हे नाव सेलूच्या माहेराहून सासरीही पाठोपाठ आलं. लग्नाच्या फोटोत तोंड गच्च मिटलेलं! बचत गटाचा हिशेब त्यांच्याइतका चोख कुणाचा नाही, पण बँकेचे साहेब आले की त्या दुसरीला पुढे करायच्या. लोक म्हणायचे, बाई शिष्ट आहे. आतून ती किती झुरतेय, ते कुणाला दिसणार?

तारा लावायच्या त्या पोरीबाळींनी, चाळिशीत कसली हौस, असं आपल्याला वाटतं. पण हिरड्या नि हाड निरोगी असेल तर त्याला वयाची अट नाही. तारेचा हलका दाब सतत राहिला की मुळाच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात हळूहळू सरकतो. बहुधा दीड-दोन वर्षं लागतात. नंतर दात पुन्हा फिरू नयेत म्हणून डॉक्टर रिटेनर देतात, तो वापरण्यात आळस करू नये. खर्चाची धास्ती वाटत असेल तर दंत महाविद्यालयात चौकशी करावी. आता परभणीतही ते आहे, आणि अशा ठिकाणी सहसा कमी पैशांत काम होतं.

जाऊबाईंनी एकेचाळिसाव्या वर्षी तारा लावल्या. ‘आता काय पुन्हा लग्न करायचंय का?’ असं विचारणारेही निघालेच. दात सरळ झाले, तरी पदर कितीतरी महिने वर जातच होता. दातांपेक्षा मनाला जास्त वेळ लागला. गेल्या वर्षी मात्र बँकेत कर्जाचं बोलणं त्यांनीच केलं, अगदी खणखणीत.

ज्यांना आपल्या वाकड्या दातांचं काही वाटत नाही, त्यांना उगाच उपदेश करू नये. त्यांनी फक्त फटींमधली सफाई नीट ठेवावी. पण जिला वाटतं, तिला ‘नखरे’ म्हणून गप्प बसवू नका, बायांनो. आणि घरातल्या लेकरांना दातांवरून नावं ठेवणं आजपासून बंद करा. आपण गमतीत म्हणतो, ते नाव पोर जन्मभर वागवते.