मुक्काम रायपूर, फोन कुठला?

नागपूरहून हावडा मेलने निघालं की गोंदियापर्यंत आपण परक्या मुलुखात चाललोय असं वाटतच नाही. सालेकसा, दरेकसा ही आपल्या बाजूची शेवटची स्टेशनं. मग दाट झाडी, डोंगर, बोगदा आणि पलीकडे बोरतलाव. इथं राज्य बदलतं आणि पर्समधल्या फोनचं ‘सर्कल’ही बदलतं. गंमत म्हणजे छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी वेगळं राज्य झालं, तरी मोबाइलच्या परवान्यांच्या नकाशात ते अजून मध्य प्रदेशाबरोबर एकत्र कुटुंबातच नांदतंय!

रायपूर नागपूरपासून रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटर. मराठी माणसाला हे शहर नवखं नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथवर आला. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून कारभार पाहिला. तात्यापारा हे नाव ऐकलं की कान आपोआप टवकारतात. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. हिंदी पत्रकारितेत मोठं नाव कमावणाऱ्या माधवराव सप्र्यांच्या नावाची शाळाही याच शहरात. त्यामुळे इकडच्या कितीतरी घरांत कुणाची तरी मुलगी, बहीण किंवा आत्या रायपुरात असते आणि महिना-दोन महिने राहायला जाणं होतंच. कधी बाळंतपण, कधी आजारपण, कधी बदली.

माझी आत्या इथलीच. तिच्याकडे गेले तेव्हा पहिल्या संध्याकाळी कळलं, की माझा फोन गच्चीवर उत्तम चालतो, अंगणात बरा चालतो आणि आतल्या खोलीत मुळीच नाही. नेमके त्याच खोलीत आतोबा झोपून होते. डॉक्टरांचा फोन आला तर घ्यायचा कुठे? पेन्शनच्या कामासाठी बँकेचा ओटीपी आला तर? आत्या म्हणाली, “अगं, सगळे असेच जिन्यात उभे राहून बोलतात.” तिला सवय झाली होती, मला काही ते पटेना.

पूर्वी अशा वेळी उत्तर सोपं होतं. परगावी पोचलं की तिथलं कार्ड घ्यायचं, कारण रोमिंग खिशाला परवडत नसे. २०१५ साली दर कमी झाले, तेव्हाही रोमिंगमध्ये आलेला फोन घ्यायला मिनिटाला ४५ पैशांपर्यंत पडू शकत. नंतर २०१६-१७मध्ये कंपन्यांच्या चढाओढीत देशातलं रोमिंग शुल्क जवळजवळ नाहीसंच झालं. आता पुण्याचा नंबर रायपुरात त्याच पैशांत चालतो. तेव्हा स्वस्ताईसाठी नंबर बदलायचं कारण उरलेलं नाही. उरला आहे तो एकच प्रश्न: आपण जिथे झोपतो, त्या खोलीत रेंज येते का?

याचं उत्तर जाहिरातीत मिळत नाही आणि पुण्यातल्या मैत्रिणीकडे तर नाहीच. शेजारच्या घरी विचारायचं. किराणा दुकानदाराला विचारायचं. दिवसभर त्याचा फोन चालू असतो, त्याला सगळं ठाऊक. आम्ही तेच केलं. घरी येणाऱ्या नर्सबाईंचा फोन मात्र आतल्या खोलीत खणखणीत वाजत होता. तिची कंपनी कोणती ते विचारलं आणि दुसऱ्या दिवशी जयस्तंभ चौकाजवळच्या रवी भवनात गेलो. मोबाइलच्या दुकानांची नुसती दाटी! आधार कार्ड दाखवून नवं कार्ड घेतलं आणि फोनच्या दुसऱ्या खाचेत बसवलं.

जुना नंबर मात्र हलवला नाही, आणि वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे. बँक, गॅस, पेन्शन, आधार, सगळं त्या नंबरला बांधलेलं असतं. तो सुटला तर नंतर किती खेटे घालावे लागतील याची कल्पनाच करवत नाही. कार्ड ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर ते बंद होऊ शकतं, म्हणून अधूनमधून त्यावरून एखादा फोन करावा. ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी २०२५च्या सुरुवातीपासून नुसत्या बोलण्याची आणि एसेमेसची पॅकंही आली आहेत. ज्येष्ठांना ती सोयीची.

कायमचीच बदली झाली असेल तर गोष्ट वेगळी. तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येते. ३ जुलै २०१५पासून दुसऱ्या सर्कलमध्येही. त्यासाठी १९०० या क्रमांकावर एसेमेस पाठवायचा. पण आधीच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत आणि एका सर्कलमधून दुसऱ्यात जायला कामाचे पाच दिवस लागतात. बाळंतपणाची तारीख जवळ आली असताना हा खटाटोप करू नये.

घरात ब्रॉडबँड असेल तर आणखी एक उपाय आहे. बऱ्याच फोनमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ची सोय असते. ती चालू केली की टॉवरची रेंज नसलेल्या खोलीतही फोन लागतो. आत्याच्या फोनवर ती सोय पहिल्यापासून होती, फक्त कुणी चालू करून दिली नव्हती!

आतोबांना बरं वाटू लागल्यावर आम्ही सिरपूरला जाऊन आलो. महानदीकाठचं विटांचं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातलं. त्याची नक्षी पाहताना फोनची आठवणही होत नाही. पुढे बारनवापाऱ्याच्या जंगलात मात्र रेंजचा भरवसा धरू नका. निघण्याआधीच घरी सांगून ठेवा, किती वाजेपर्यंत परत येणार ते.