भरतीच्या वेळचा विसावा

पाम बीच मार्गाने वाशीहून बेलापूरकडे निघाले की, नेरूळच्या पुढे उंच इमारती थेट खाडीच्या काठाशी येऊन ठेपतात. वाशीच्या घाऊक बाजारात धान्य-मसाल्यांचा व्यापार करणारी अनेक कुटुंबे या भागात स्थायिक झाली आहेत. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत त्यांच्या सज्जातून पाण्यावर गुलाबी पट्टा दिसतो. तो रोहित पक्ष्यांचा, म्हणजे सर्वपरिचित फ्लेमिंगोंचा थवा.

ओहोटीला ठाण्याच्या खाडीतील चिखलपट्टे उघडे पडतात. रोहित मान खाली घालून, वाकडी चोच उलटी बुडवून शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खातात. भरती आली की हे पट्टे पाण्याखाली जातात आणि थव्यांना उभे राहण्यापुरते उथळ पाणी शोधावे लागते. ते त्यांना नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत मिळते. खाडीचा काही भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेला. परंतु त्याने पक्ष्याचे ताट राखले गेले. विसाव्याची जागा राहिली वसाहतीच्या कुंपणाशी.

तेथील सुमारे 30 एकरांचा तलाव शेजारच्या शाळेमुळे डी.पी.एस. तलाव म्हणून ओळखला जातो. भरतीचे पाणी अरुंद वाटांनी त्यात शिरते. या वाटा बुजल्या, पाणी आटले आणि 2024 च्या उन्हाळ्यात तेथे रोहित मृतावस्थेत आढळू लागले. तलाव नष्ट करण्यास भराव घालावाच लागतो असे नाही! जमिनीच्या कागदावर क्षेत्रफळ लिहिलेले असते, पाण्याची ये-जा नसते. खाडीकडे तोंड असलेल्या सदनिकेसाठी ग्राहक जादा दर आनंदाने मोजतो. पण ज्या दृश्याचे ते मोल, ते कोणत्या वाटेने टिकून आहे, हे खरेदीखत करताना क्वचितच विचारले जाते.

रहिवासी व पर्यावरणप्रेमींनी हा प्रश्न लावून धरला. एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. दर्जा मिळाला तरी पाणी मात्र त्याच अरुंद वाटांनी येणार. भरतीच्या वेळी फिरायला निघणाऱ्याने पक्षी पाहण्यापूर्वी तलावाच्या तोंडाशी क्षणभर थांबावे. पाणी आत येते आहे की नाही, हे तेथे उघड्या डोळ्यांनी दिसते.